पैसे होडीचे, पावती देणगीची?

प्रश्न : मी बेळगावचा, उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. मुलाला शिडाच्या होडीचा नाद लागला आहे. कोल्हापूरच्या एका धर्मादाय ट्रस्टकडे २१ फुटी, फायबरची जुनी होडी विकायला आहे. वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी ती ट्रस्टला दान दिली होती. ते आता हयात नाहीत. होडी, इंजिन आणि ट्रेलर मिळून ३,५०,००० रुपये ठरले. ट्रस्टचे सचिव म्हणतात, एक लाखाचं बिल करू, बाकी अडीच लाखांची देणगीची पावती देऊ, म्हणजे तुम्हाला आयकरात कलम ८०जी खाली सूट मिळेल. अमेरिकेत दानाच्या होड्या विकायची रीतच आहे, असंही मी ऐकलंय. मी बँकेतून ५०,००० पाठवले, त्याची पावतीही देणगीचीच आली. गेल्या आठवड्यात त्या गृहस्थांच्या मुलीचा फोन आला : ‘बाबांनी होडी मुलांना शिकवायला दिली होती, विकायला नाही. तुम्ही घेऊ नका.’ सचिव म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका, दान दिलं ते दिलं. होडी हिडकल धरणाच्या पाण्यात चालवायचा विचार आहे. व्यवहार पुरा करू का?

उत्तर : आत्ता नको. उरलेल्या तीन लाखांतला एक रुपयाही पाठवू नका आणि ट्रेलर आणायला गाडीही पाठवू नका. होडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या एका फोनमुळे तुमची कायदेशीर बाजू बदलली आहे, म्हणून सांगतो.

फोन येण्यापूर्वी तुम्ही साधे गिऱ्हाईक होता. ट्रस्टनं दानाचा हेतू मोडून वस्तू विकली असती, तरी ‘मला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी पूर्ण किंमत मोजली’ असं तुम्हाला कोर्टात सांगता आलं असतं. प्रामाणिकपणे, मोबदला देऊन, माहिती नसताना घेणाऱ्याला कायदा बऱ्यापैकी सांभाळून घेतो. आता ‘ठाऊक नव्हतं’ हे तुम्हाला म्हणता येणार नाही. मुलगी खरं सांगते की खोटं, हा नंतरचा प्रश्न. तिनं सांगितलं आणि तुम्ही चौकशी न करताच घेतलं, एवढंच तुमच्या विरोधात पुरेसं होईल. म्हणून सचिवांचा ‘लक्ष देऊ नका’ हा सल्ला त्यांच्या सोयीचा आहे, तुमच्या नाही.

‘दान दिलं ते दिलं’ हे त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जंगम वस्तूचं दान नोंदणीकृत दस्तानं करता येतं, तसं नुसता ताबा देऊनही पुरं होतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२३ मध्ये तसं स्पष्ट आहे. त्यामुळे नोंदणीकृत दानपत्र नाही म्हणून दान फुकट गेलं, असं मुलीला म्हणता येणार नाही. पण त्याच्या आधीचं कलम १२२ सांगतं की दान देणारा हयात असताना, आणि तो द्यायला समर्थ असताना, घेणाऱ्यानं ते स्वीकारलं पाहिजे. म्हणजे खरा प्रश्न तारखेचा आहे. गृहस्थांच्या हयातीत होडी ट्रस्टच्या ताब्यात गेली का? की ‘मी होडी देणार आहे’ असं पत्र देऊन ते वारले आणि ट्रस्टची माणसं नंतर येऊन घेऊन गेली? दुसरं घडलं असेल तर ते दानच झालं नाही. मृत्युपत्रात तशी तरतूद नसेल तर होडी वारसांची, आणि ट्रस्टकडे विकायला काहीच नाही. मालविक्री कायदा, १९३० चं कलम २७ हेच सांगतं : विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. जमिनीला निदान उतारा असतो, तलाठ्याकडे जाऊन नाव बघता येतं. अशा लहान, खासगी होडीची मालकी बहुतेक वेळा हातातल्या चार कागदांवरच सिद्ध करावी लागते.

दान पुरं झालं असेल तर पुढचा मुद्दा हेतूचा. दान देताना गृहस्थांनी ट्रस्टला दिलेल्या पत्रात ‘मुलांना नौकानयन शिकवण्यासाठी’ अशी ओळ असेल, तर ट्रस्टला होडी वाटेल तशी विकता येईल असं मी धरून चालणार नाही. अशी ओळ नसेल आणि गृहस्थ घरात फक्त तसं बोलले असतील, तर मुलीचा दावा पुष्कळच लंगडा पडतो. हे पत्र बघितल्याशिवाय कुणीच, मीही, ठाम उत्तर देऊ शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं, त्या मुलीला आपणहून फोन करा. ‘ताई, तुमच्या बाबांची होडी मी घ्यायला निघालोय. तुमच्याकडे पत्राची प्रत असेल तर मला दाखवा,’ एवढं नीट सांगा. ती तुमची शत्रू नाही. वडिलांची आवडीची वस्तू कुठे जाते याची तिला काळजी आहे, आणि ती रास्त आहे. ट्रस्टला शिकवणी वर्ग झेपत नसेल आणि होडी किनाऱ्यावर उन्हापावसात कुजत पडली असेल, तर विकून ते पैसे मुलांच्याच खेळासाठी वापरणं हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. तसं ट्रस्टनं तिला लेखी कळवलं तर तीही ‘हरकत नाही’ म्हणून सही करील, अशी बरीच शक्यता आहे. ती सही तुमच्यासाठी सोन्याची आहे.

सचिवांना एकट्याला विकायचा अधिकार आहे का, हेही बघा. विश्वस्तांच्या सभेचा ठराव हवा. त्यात होडीचं वर्णन, किंमत आणि सही कोण करणार हे लिहिलेलं हवं. कुणी तुम्हाला सांगेल की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची वस्तू विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ स्थावर मिळकतीसाठी आहे, होडीला ते लागू होत नाही. मात्र ट्रस्टची मालमत्ता गैररीतीनं विकली जाते आहे असं दिसलं, तर कलम ४१ई खाली आयुक्त व्यवहार थांबवू शकतात. मुलगी कोल्हापूरच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेली तर होडी तुमच्या दारात आणि मनाई हुकूम हातात, अशी अवस्था होईल. ट्रस्टच्या नोंदीतल्या परिशिष्ट १ मध्ये ही होडी दाखवली आहे का, त्याची नक्कल मागा.

आता पावतीचं. या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. तुम्ही अडीच लाख देता आणि त्या बदल्यात होडी घेता. ही किंमत झाली, देणगी नव्हे. ८०जी ची सूट मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशांना असते. ट्रस्टला देणगीदारांची यादी पॅन नंबरसह आयकर खात्याला द्यावी लागते, म्हणजे तुमचं नाव तिथे आपोआप पोहोचणार. विवरणपत्रात खोटी सूट मागणारे तुम्ही, दंडही तुम्हालाच. ट्रस्टनं असे प्रकार केले तर तिची ८०जी ची मान्यताही धोक्यात येते. आणि या मांडणीतलं तुमचं सर्वांत मोठं नुकसान कराच्या बाहेरचं आहे : उद्या होडी वारसांची ठरली तर तुम्ही ट्रस्टकडे किती मागणार? बिलात एकच लाख. अडीच लाखांसाठी ट्रस्ट म्हणेल, ती तर तुम्ही राजीखुशीनं दिलेली देणगी.

तुम्ही पत्रात लिहिलंय की अमेरिकेत दानाच्या होड्या विकायची रीतच आहे. आहे खरी, पण तिथे सूट मिळते ती होडी देणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला नाही. शिवाय ५०० डॉलरच्या वरच्या होडीबाबत संस्थेनं ती तशीच विकली तर सूट बहुधा विक्रीत आलेल्या रकमेपुरतीच मिळते. आपल्याकडे वस्तुरूपानं दिलेल्या दानाला ८०जी लागूच नाही. ती फक्त पैशांच्या देणगीला. तेव्हा त्या रीतीचा इथे आधार घेऊ नका.

तुमच्या ५०,००० च्या पावतीवरही ‘देणगी’च लिहिलं आहे, म्हणून ते आधी दुरुस्त करून घ्या. आजच ट्रस्टला स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं पत्र पाठवा : ‘अमुक तारखेला माझ्या खात्यातून पाठवलेले ५०,००० रुपये हे होडी, इंजिन व ट्रेलर यांच्या एकूण ३,५०,००० रुपये किमतीपोटीची आगाऊ रक्कम आहे, देणगी नाही. कृपया तशी दुरुस्त पावती द्यावी. मालकीचे कागद १५ दिवसांत न दाखवल्यास रक्कम परत करावी.’ ८०जी ची सूट विवरणपत्रात मागू नका, नाहीतर तुमचंच पत्र तुमच्याविरुद्ध जाईल. सचिवांशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका आणि तो फोनही बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतं. किंमत होडीची ठरली होती हे त्यातूनच दिसणार आहे.

ट्रेलरकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरलाही नोंदणी लागते. त्यावर सिंधुदुर्गाचा, एमएच ०७ चा नंबर असेल तर आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा. ट्रस्टच्या नावावर असेल तर आरटीओच्या नमुना २८ चं ना हरकत पत्र, २९ आणि ३० च्या सह्या घेऊन तो बेळगावच्या केए २२ मध्ये आणता येईल. पण आरसी अजून त्या दिवंगत गृहस्थांच्याच नावावर असेल, तर आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागेल. म्हणजे जिच्याकडे लक्ष देऊ नका म्हणतात, तिच्याच सहीवाचून ट्रेलर सिंधुदुर्गातून हलणार नाही. ट्रेलर गावातल्या वेल्डरनं केलेला, बिननोंदणीचा असेल तर तो किमतीतून वगळा आणि होडी ट्रकवर घालून आणा.

होडी कुठे बनवली तेही विचारा. परदेशी बनावटीच्या फायबर होडीच्या मागच्या टोकाला, उजव्या बाजूला, बहुधा एक क्रमांक कोरलेला असतो. तो कागदांवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. गोव्यात परदेशी लोक आपल्या नौका घेऊन येतात. त्यातली एखादी आयात शुल्क न भरता हातोहात विकली गेलेली असली, तर सीमाशुल्क खातं शेवटच्या मालकाकडूनही ती जप्त करू शकतं. आयात झालेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळी सीमाशुल्क खात्याकडे भरलेला कागद, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

होडीच्या अवस्थेबद्दल कायद्याचा फारसा आधार धरू नका. ट्रस्टचा धंदा होड्या विकायचा नाही, त्यामुळे फायबर फुटकं निघालं, डोलकाठी तडकलेली निघाली तर ‘बघून घ्यायचं होतं’ असंच उत्तर मिळेल. वेंगुर्ला-मालवणकडचा जाणता कारागीर आधी घेऊन जा.

हिडकलचा विचार छान आहे, पण तिथे मनात आलं म्हणून होडी लोटता येत नाही. घटप्रभेवरचं ते धरण पाटबंधाऱ्याचं आहे, कर्नाटक नीरावरी निगमची लेखी परवानगी आधी घ्या. अर्ज कन्नडमध्ये द्या, काम लवकर होतं. इंजिन बसवून चालवणार असाल तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे तपासणी, नोंदणी आणि विमा लागेल. राकसकोप जलाशयाचं नाव मात्र काढू नका. ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे.

दानाचं पत्र, ताब्याची तारीख, ठराव आणि मुलीची ना हरकत हे सगळं आलं तर होडी जरूर घ्या. बिल पूर्ण ३,५०,००० चं, बँकेतून, आणि त्यात दोन वाक्यं हवीत : मालकीवर कुणी दावा केल्यास ट्रस्ट पूर्ण रक्कम परत करील, आणि किंमत सर्व करांसह आहे. दुसरं वाक्य विसरू नका. ट्रस्ट जीएसटीत नोंदलेली असेल आणि विक्री करपात्र ठरली, तर खेळाच्या होड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के दर आहे.

कागद आले नाहीत तर १५ दिवसांनंतर वकिलामार्फत नोटीस द्या. दावा लावायची वेळ आली तर तो कोल्हापुरात लावणं सोयीचं, कारण ट्रस्ट तिथली आहे. बेळगावात लावलात तर पहिलं वर्ष अधिकारक्षेत्राच्या वादातच जाईल. मुदत साधारण तीन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. मुलीचा फोन कोणत्या तारखेला, किती वाजता आला आणि ती नेमकं काय म्हणाली, ते आजच एका कागदावर लिहून ठेवा.