मुलगा ए-लेव्हलला (इंग्लंडातली अकरावी-बारावी) इकॉनॉमिक्स घ्यायचं म्हणतोय. विषय सोपा आहे का, आणि गणित सोडलं तर चालेल का?

गणित सोडू देऊ नका. एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), केंब्रिज, वॉरिक, या तिन्ही विद्यापीठांत इकॉनॉमिक्सच्या पदवीला ए-लेव्हलचं गणित लागतं. खुद्द इकॉनॉमिक्स नसलं तरी चालतं! गंमत आहे, पण आहे असं.

आता सोपा आहे का. माझ्या मुलीने घेतला तेव्हा मला वाटलं, हा तर आपला प्रांत. मी बीकॉम. मागणीचा नियम आजही झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन, 'इतर परिस्थिती कायम असताना'सकट. इयर ट्वेल्व्हला, म्हणजे आपल्या अकरावीला, तिला २५ मार्कांचा निबंध आला: साखरेच्या पेयांवर कर लावून लठ्ठपणा कमी होईल का? मी रविवारी शेजारी बसून आपल्या पद्धतीने लिहून घेतला. व्याख्या, आकृती, सहा मुद्दे, निष्कर्ष. रेघा पट्टीने मारायला लावल्या. मिळाले ११. बाईंनी समासात एवढंच लिहिलं होतं, 'सो व्हॉट?'

मग पोरीने मला शिकवलं. हा कर इंग्लंडात २०१८ मध्ये आला. तेव्हा दर असे होते: १०० मिलिलिटरमध्ये ८ ग्रॅम किंवा जास्त साखर असेल तर लिटरमागे २४ पेन्स, ५ ते ८ च्या मध्ये असेल तर १८. बऱ्याच कंपन्यांनी कर भरण्यापेक्षा साखरच कमी केली. म्हणजे किंमत वाढली, मागणी घटली ही माझी आकृती बरोबर, पण खरा खेळ आकृतीबाहेर झाला. ते लिहायचं. वर स्वतःलाच आडवं जायचं: फळांच्या निव्वळ रसाला सूट दिली, त्यातल्या साखरेचं काय? मार्क त्या 'पण'ला असतात. पाठांतरवाल्याचं इथे काम नाही.

आमचे दादा तेव्हा नाशिकहून फोनवर म्हणाले होते, "एवढी हुशार पोरगी, आर्ट्सला घातलीस?" अहो, इथे साइड नसते, तीन विषय निवडायचे असतात. तिने गणित आणि फिजिक्ससोबत हा घेतला होता. दहा वेळा सांगून झालं. त्यांचा मुलगा इंजिनिअर होऊन आता एमबीए करतोय, आणि गेल्या महिन्यात तिलाच फोन करून इलॅस्टिसिटी (किंमत बदलली की मागणी किती बदलते ते) समजावून घेत होता. हे दादांना माहीत नाही. वाचत असतील तर कळेल.

हां, तुमच्या मुलाला पुढे कायदा किंवा इतिहास करायचा असेल तर गणिताचा आग्रह नको. ते आधी त्याला विचारा, मी तो इकॉनॉमिक्सचीच पदवी करणार असं धरून चाललो होतो.