वाचकांचे प्रश्न : काळच तसा होता?

प्रश्न : न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तरी १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केले. हे सांगितले की मुले ‘ढोंगी’ म्हणतात, मी ‘काळच तसा होता’ म्हणून त्यांना गप्प करते. बरोबर कोण?
(एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : दोघांचीही घाई होते आहे. या एका लग्नात दोन गोष्टी गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करा.

पहिली, मुलीचे वय. १८६०च्या दंडसंहितेत संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीची संमती कायद्याने ग्राह्य धरण्याचे वय, १० होते. ते १२ झाले १८९१ साली, तेही प्रचंड गदारोळानंतर. इथे आजची १८ वर्षांची अट लावली, तर त्या पिढीतला जवळजवळ प्रत्येक नवरा एकाच रांगेत उभा राहतो आणि रानड्यांविषयी वेगळे काहीच कळत नाही.

दुसरी, विधवेशी लग्न न करणे. इथे काळाची सबब चालत नाही. पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा. १८६९ साली मुंबईत गाजलेला पुनर्विवाह झाला, तेव्हा रानडे विधवाविवाह चळवळीचे पुढारी विष्णुशास्त्री पंडित यांच्या बाजूने होते. म्हणजे वाट होती, त्यांना ती ठाऊक होती, आणि त्यांच्यावर टीकाही तेव्हाच झाली. दोष लावणारी मोजपट्टी त्यांच्याच गोटातली होती, आजची नव्हे. मुलगा विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईने हे लग्न जमवले, हेही खरे. त्याने कृतीचे कारण कळते. दोष फिटत नाही. पुढे रानड्यांनी या पत्नीला, म्हणजे रमाबाईंना, शिकवले, त्याचे श्रेय पूर्ण द्या, पण वजाबाकीसाठी वापरू नका.

आणि ‘त्या काळचे मत’ म्हणजे बहुधा लिहित्या पुरुषांचे मत, हे विसरू नका. ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे स्त्रियांची बाजू मांडणारे पुस्तक १८८२चे. बालविवाहावरची रखमाबाईंची टोपणनावाने लिहिलेली पत्रे १८८५ची. दोन्ही या लग्नानंतरची, म्हणून रानड्यांपुढे ती धरता येणार नाहीत. पण मुलींचे हाल १८८२ साली सुरू झाले नव्हते.

प्रश्न : मग वर्गात नेमके काय करू?

उत्तर : एका तासाला एकच कृती घ्या, आख्खा माणूस नको. फळ्यावर चार रकाने आखा : साल, कायदा, हाताशी असलेला पर्याय, तेव्हाचे विरोधक. अडते ते चौथ्यापाशी, कारण पाठ्यपुस्तकात विरोधक क्वचितच असतात; त्यासाठी जुनी वृत्तपत्रे नि चरित्रे चाळावी लागतील. रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ जरूर वाचायला द्या. मात्र त्या रानड्यांच्या निधनानंतर लिहिलेल्या आहेत, हे आधी सांगा.