‘हलकी’ सिस्टिम आणि कपाटात बंद लॅपटॉप

पत्र (संक्षिप्त) : “मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते. यंदा क्लासच्या सराव परीक्षेत दोनशेपैकी ११२ वर आला. कारण एकच, कॉम्प्युटर. माझ्या वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्सची कुठलीशी हलकी सिस्टिम टाकून रात्री दोन-दोनपर्यंत बसतो. तिच्या नव्या आवृत्तीत काय काय आलं यावर चार पानं लिहिलीत, ती सोबत जोडतोय. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर कोणाचं पोट भरतं? आठ दिवसांपूर्वी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून बोलत नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझ्यासारखे त्याचे हात काळे होऊ नयेत एवढीच इच्छा. याला या नादातून बाहेर कसं काढू? आणि यात खरंच स्कोप असेल तर कोणता कोर्स लावू?” — एक पालक, तासगाव तालुका

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मुलाची चार पानं तीनदा. ११२ गुणांनी माझी झोप उडाली नाही. डिसेंबरातल्या सराव परीक्षेत निम्म्याच्या वर असलेला मुलगा एप्रिलपर्यंत वरही जातो, खालीही येतो. मी अडलो ते ‘तेव्हापासून बोलत नाही’ या वाक्यावर. ते तुम्ही असं लिहिलंय, जसं ‘दूध नासलं’ लिहावं. आठ दिवस झाले. सतरा वर्षांचा पोरगा, शेजारी जेवायला बसतो आणि तोंड उघडत नाही. आणि पुढच्या ओळीत तुम्ही मला कोर्स विचारताय.

कोर्सचं नंतर बघू.

आधी त्या लॅपटॉपचं. तो तुमचा नाही, मुलाचाही नाही. तुमच्या वडिलांचा आहे. मुलाच्या तिसऱ्या पानावर त्याची सगळी हकिकत आहे, तुम्ही बहुधा तिथपर्यंत वाचलं नाही. आजोबा त्यावर गावच्या सप्ताहाच्या वर्गणीची यादी ठेवतात. विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. या जुन्या लॅपटॉपमध्ये दोन्ही नाही. दुकानदाराने ‘भंगारात घाला, नवीन घ्या’ असं सांगितलं. नातवाने त्यावर डेबियन १३ टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्सचा एक प्रकार, ऑगस्ट २०२५मध्ये आलेला, आणि त्यावर एक्सएफसीई ४.२० हा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेन्यू, आयकॉन सांभाळणारा भाग. आजोबांची यादी पुन्हा सुरू झाली. फक्त त्यांना ‘दुसऱ्या दिवशी’ लिहिता येईना, ‘दुसर्‍या’मधला तो अर्धा र जमेना, प्रत्येक वेळी रफार येऊन डोक्यावर बसायचा. पोराने शोधून काढलं की इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की नुक्ता असलेला ऱ मिळतो, त्याला हलन्त जोडून पुढे या टाकायचा. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती स्क्रीनच्या कडेला चिकटवली. म्हणजे तुम्ही कुलूप लावलंत ते त्या चिठ्ठीसकट.

‘हलकी सिस्टिम’ हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा वापरलाय. मराठीत या शब्दाचा एक अर्थ वजनाचा आणि दुसरा प्रतीचा. हलका माल, हलकी जात, हलक्या कानाचा, हे सगळं त्या दुसऱ्या खात्यातलं, आणि तुम्ही तोच धरून बसलात. इथे हलकी म्हणजे कमी मेमरीत आणि जुन्या प्रोसेसरवर धावणारी, एवढंच. चारचाकी टेम्पोत जेवढं जातं तेवढ्यासाठी कोणी ट्रक नेत नाही.

आता मुलाच्या चार पानांबद्दल, आणि इथे मी त्याच्याही बाजूने बोलणार नाही. पहिली दोन पानं सामान्य आहेत. एक्सएफसीई ४.२० हे १५ डिसेंबर २०२४ला आलं, त्याआधीचं ४.१८ बरोब्बर दोन वर्षं आधी त्याच तारखेला. फाइल मॅनेजरमध्ये काय बदललं, नवे आयकॉन कोणते, मेन्यू कसा दिसतो. अशी यादी लिहिणारे जगात लाखभर आहेत, आणि यादी बनवणाऱ्यांनीच ती आधी जाहीर केलेली असते. वेलँडवरचा उतारा मात्र बरा आहे. तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतो. लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवण्याचं काम एक्स-११ नावाची व्यवस्था करते, ती १९८७ची. तिच्यात एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये टाइप होणारी अक्षरं चोरून वाचू शकतो. वेलँड ही तिच्या जागी येणारी नवी व्यवस्था, काम सुरू झालं २००८ला. एक्सएफसीईवाल्यांनी ४.२०मध्ये बराचसा भाग दोन्हींवर चालेल असा करून घेतला. घरात लाइट चालू ठेवून खोलीखोलीने वायरिंग बदलावी तसं. त्यांचा स्वतःचा विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम, अजून वेलँडवर आलेला नाही, तिथे लॅबडब्ल्यूसीसारखा दुसरा कोणीतरी आणावा लागतो, हे पोराने नीट लिहिलंय. आणि खाली एक ओळ टाकलीय : ‘म्हणून आजोबांना अजून एक्स-११वरच ठेवलंय.’

तिसऱ्या पानापासून तो खरा दिसतो. काही बदलण्याआधी त्याने मोजलंय. विंडोज १० नुसतं सुरू केलं, काहीच उघडलं नाही, तर चार जीबीपैकी किती मेमरी जाते : २.१ जीबी. नवी सिस्टिम टाकल्यावर : साधारण ६५० एमबी. मग ब्राउझर आणि तीन टॅब उघडून पुन्हा मोजलं, १.९ जीबीवर गेलं. खाली लिहिलंय, ‘सिस्टिम हलकी झाली, ब्राउझर झाला नाही. आजोबांना तीनच टॅब सांगितलेत.’ त्याच पानावर तुमच्या दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरचाही उल्लेख आहे. तो ३२ बिटचा आहे, त्यावर डेबियन १२ चालू आहे. डेबियनने १३मध्ये ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, देणं बंद केलं. पोराने लिहिलंय, ‘पप्पांच्या मशीनला हात लावायचा नाही, १२च ठेवायचं.’ नव्याचा एवढा नाद असलेल्या पोराने नवीन टाकायचा मोह आवरला, कारण तुमचं बिलिंग बंद पडलं असतं.

आता मला सांगा, जळालेली मोटार आली की तुम्ही पहिल्यांदा काय करता? कॉइल कापता? नाही. आधी टर्न मोजता, तारेचा गेज बघता, कुठल्या स्लॉटमधून कुठे गेलीय ते वहीत उतरवता. मग छिन्नी घेता. न मोजता कापणारा पोरगा तुम्ही दुकानात दोन दिवस ठेवणार नाही. ही सवय तुमच्या मुलाला क्लासमध्ये कोणी शिकवलेली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो तुमच्या शेजारी बसत होता, हे तुम्हीच लिहिलंय.

‘माझ्यासारखे हात काळे होऊ नयेत.’ साहेब, या वाक्याचा मला राग आला, आणि थोडं वाईटही वाटलं. द्राक्षाच्या दिवसांत ज्याची सबमर्सिबल जळते तो रात्री अकराला तुमच्या दारात उभा असतो, त्याला तुमच्या हाताच्या रंगाशी देणंघेणं नसतं. पण तुम्हाला आहे. तुमच्या मुलाने उघडून बघणारा, दुरुस्त करणारा माणूस होऊ नये, त्याने एसीत बसावं, आणि ते तुम्ही पत्रात लिहिलेल्या साडूच्या मुलासारखं पुण्यातच असावं. मला वाटतं मुलाच्या लिनक्सपेक्षा त्यातला तुमचा चेहरा तुम्हाला जास्त खुपतोय. चुकत असेन तर तसं कळवा.

तुमची एक समजूत मात्र मुळातून काढायला हवी. ‘फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर कोणाचं पोट भरतं?’ एक्सएफसीई १९९६मध्ये ऑलिव्हिए फुर्दां या माणसाने सुरू केलं. पुढे हा माणूस रेड हॅट या कंपनीत अभियंता झाला आणि पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या याच थरावर काम करू लागला. रेड हॅटचा मालही उघड्या कोडचाच असतो. ती कंपनी आयबीएमने २०१९मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली, आणि तिचं एक मोठं ऑफिस पुण्यात आहे, साडूच्या मुलाच्याच शहरात. जगातल्या सगळ्यात वेगवान पाचशे कॉम्प्युटरच्या यादीत २०१७च्या नोव्हेंबरपासून एकूण एक लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचंच कर्नल आहे. सॉफ्टवेअर फुकट असतं; ते बंद पडल्यावर रात्री दोनला उठून सुरू करणारा माणूस फुकट नसतो. तांब्याच्या तारेचा भाव बाजारात कोणालाही विचारता येतो. शेतकरी तुम्हाला पैसे मोजतो ते पहाटे लाइट आल्यावर मोटार चालावी म्हणून. हा धंदा तोच आहे.

पण तुम्ही ‘स्कोप’ विचारलात, म्हणून खोटं बोलत नाही. हलक्या डेस्कटॉपमध्ये नोकऱ्या जवळजवळ नाहीत. ही कामं बहुतेक लोक नोकरी सांभाळून, हौसेने करतात. पगार आहे तो सर्व्हरमध्ये, क्लाउडमध्ये, नेटवर्कमध्ये, सिक्युरिटीत, आणि एम्बेडेडमध्ये, म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डपासून कारखान्यातल्या कंट्रोलरपर्यंत यंत्राच्या पोटात बसणाऱ्या लिनक्समध्ये. कमी मेमरीत काम भागवायची सवय त्या शेवटच्या जागी सोन्यासारखी उपयोगी पडते. इलेक्ट्रिकल दुकानात वाढलेल्या पोराला मी तोच रस्ता सुचवेन. म्हणून सीईटीनंतर कॅप राउंडला कॉम्प्युटर शाखेसाठी लांबच्या भिकार कॉलेजात पाठवण्यापेक्षा चांगल्या कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स घ्या. ते नाही जमलं तर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सही चालेल. जेईई द्यायची असेल तर द्यावी, तिच्यासाठी घर पेटवू नका.

आणि आत्ता कोणताही लिनक्सचा कोर्स लावू नका. ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ लिहिलेल्या पाटीखाली लाखभर रुपये ठेवणारे पालक माझ्याकडे दर जूनमध्ये येतात, परत मिळतील का विचारायला. आरएचसीएसए ही रेड हॅटची परीक्षा चांगली आहे, तिच्यात पर्याय निवडायचे नसतात, चालत्या मशीनवर काम करून दाखवावं लागतं. ती पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल फुकट आहेत, लिनक्सवरचेही आहेत, मराठीतूनही मिळतात. फुकट आहेत म्हणून सोडू नका.

आता दोन शब्द मुलाला, हा भाग त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझं तिसरं पान मला आवडलं, पहिलं नाही. वर्षभरात सात वेळा सिस्टिम बदललीस असं अभिमानाने लिहिलंयस. दर महिन्याला घर बदलणाऱ्या भाडेकरूला शेजारी कोण ते कळत नाही. डेबियनवरच राहा, सीईटीपर्यंत काही बदलू नकोस, नवीन आवृत्ती येऊ दे की पुढची. रात्री दोनपर्यंत जागून आयकॉनचे रंग बदलणं हा अभ्यास नव्हे, हे तुलाही कळतं. परीक्षा झाली की सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिक, शेल, म्हणजे टाइप करून हुकूम देणं शिक, आणि डेबियनला एखादा तरी बग, म्हणजे चूक, नीट कळव : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मराठी मेन्यूत तुला चार चुका सापडल्यात म्हणतोस, मग त्यांनाच हात घाल. अठरा पूर्ण झाल्यावर गूगल समर ऑफ कोड या अशा उघड्या सॉफ्टवेअरवर काम करायच्या उपक्रमाला अर्ज करता येतो. तिथे तुझी वैशिष्ट्यांची यादी कोणी विचारणार नाही, तू काय दुरुस्त केलंस ते विचारतील. आणि फिजिक्स सोडू नकोस. एम्बेडेडमध्ये गेलास तर विद्युतधारेपासून सुटका नाही, घरात विचार.

पुन्हा तुमच्याकडे येतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी असंच पत्र घेऊन एक वडील आले होते, तेव्हा मीच त्यांना म्हणालो होतो, बारावी होईपर्यंत सगळं बंद करा. मुलाने पर्सेंटाइल काढला, कॉम्प्युटरलाच प्रवेश घेतला, नाव मोठं असलेलं कॉलेज. दुसऱ्या वर्षाला असताना भेटला. घरी काही करतोस का विचारलं, तर म्हणाला, “नाही सर, आता फक्त सबमिशन करतो.” तो सल्ला माझा होता, म्हणून तुम्हाला उलट सांगतोय.

रोज संध्याकाळी एक तास लॅपटॉप, आजोबांच्या खोलीत, दार उघडं. रात्री दहाला बंद. हे तुम्ही ठरवून त्याच्या हाती कागद देऊ नका, दोघांनी बसून ठरवा, त्याने नऊ म्हटलं तर नऊ. आणि सुरुवात लॅपटॉपवरून करू नका. दुकानातल्या बिलाच्या मशीनला १३ का नाही टाकलंस, एवढंच विचारा. तो बोलेल. उत्तर लांबेल, मध्ये तोडू नका.

किल्ली मात्र आजच काढा. सप्ताह जवळ आलाय, तुमच्या वडिलांची वर्गणीची यादी अर्धवट राहिली असेल.