भाचा पाठवतोय तो प्रोपेनचा ट्रिमर घ्यावा का?

प्रश्न डिचोली तालुक्यातल्या एका वाचकांचा आहे. वय ५८. घराभोवती अडीच हजार चौरस मीटर जागा, त्यातलं सहाशे मीटर लॉन. होमस्टेच्या दोन खोल्या त्या बाजूला उघडतात. बाकी उतारावर माड आणि काजू. वर्षातून चार वेळा गवत मारायला माणूस येतो, मशीन आणि पेट्रोल त्याचंच, दिवसाला १,८०० रुपये. वर्षाचे साधारण पाच दिवस भरतात. अमेरिकेतला भाचा प्रोपेन गॅसवर चालणारा आणि नायलॉनच्या फिरत्या दोऱ्याने गवत कापणारा ट्रिमर पाठवायला तयार आहे, पैसे मात्र मामांनी द्यायचे. यंत्र, कुरिअर आणि ड्युटी मिळून त्यांचा अंदाज ३१,००० रुपये. त्यासाठी ५०,००० रुपयांची मुदत ठेव मोडावी का, आणि शेजाऱ्यांना ट्रिमर भाड्याने देऊन पैसे वसूल होतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार. उत्तर आधी सांगतो: हा ट्रिमर घेऊ नका आणि ठेवही मोडू नका. यंत्र वाईट आहे म्हणून नव्हे. त्याचं इंधन डिचोलीत मिळत नाही म्हणून.

भाच्याला तो आवडला यात नवल नाही. अमेरिकेत लेहर कंपनीने असे ट्रिमर बाजारात आणले. इंजिन २५ सीसीचं, फोर-स्ट्रोक. मागच्या बाजूला ४६५ ग्रॅम प्रोपेनचा छोटा डबा आट्यांवर फिरवून बसवायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, टाकी सांडत नाही. आणि मोठा फायदा कार्ब्युरेटरचा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गोव्यातल्या पावसाळ्यात यंत्र दोन महिने टाकीत पेट्रोल ठेवून पडवीत पडलं, की खाली पाणी जमतं, जेट चोंदतो, पडदा कडक होतो आणि गणेश चवथीच्या आठवड्यात दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. प्रोपेन कितीही दिवस पडून राहिला तरी खराब होत नाही. हे सगळं खरं आहे.

आता डब्याकडे या. तो एकदाच वापरायचा असतो, परत भरायचा नाही. विमानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. भरलेलं गॅस सिलिंडर बाहेरून मागवायचं तर गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची परवानगी लागते. एका ट्रिमरसाठी त्या फंदात कोण पडणार? आपल्याकडे कॅम्पिंगच्या शेगडीसाठी मिळणारे डबे बहुतेक ब्युटेनचे किंवा मिश्रणाचे असतात आणि त्यांचे आटे वेगळे. ते या यंत्रावर बसत नाहीत.

एका ऑनलाइन विक्रेत्याने तुम्हाला डब्याचा भाव ७०० रुपये सांगितला आहे. तो नियमाने आणलेला माल आहे असं घटकाभर धरू. एका डब्यातली ऊर्जा जेमतेम दोन-तृतीयांश लिटर पेट्रोलएवढी. म्हणजे पासष्ट रुपयांच्या पेट्रोलचं काम सातशे रुपयांत. डबा दोन तास चालला तरी तासाला ३५० रुपये नुसते इंधनाचे. उलट ३५ सीसीचा फोर-स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे झुडपंही कापणारं पेट्रोलचं यंत्र, तासाला सुमारे ७०० मिली पेट्रोल पितो. लिटरला ९७ रुपये धरले तर ६८ रुपये.

आता मनात येईल तेच सांगतो, कारण हा आकडा पाहिल्यावर कुणाच्याही मनात येतं: स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून डबा भरून घेऊ. नका. घरगुती गॅस इंजिनाला वापरणं आणि एका सिलिंडरमधून दुसऱ्या भांड्यात भरणं, दोन्ही नियमबाह्य आहे. त्याहून वाईट म्हणजे धोका. द्रव गॅस तापला की फुगतो, म्हणून भांड्यात वरची २० टक्के जागा मोकळी ठेवतात. घरी भरताना ती राहिली की नाही हे कळायला काही साधन नसतं. पूर्ण भरलेला डबा उन्हात उभ्या गाडीत राहिला, तर सुरक्षा-झडप गॅस बाहेर फेकते, आणि हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरतो. तुमच्या खोल्यांत पाहुणे असतात. अशा प्रकारातून आग लागली तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळेल. शिवाय आपला एलपीजी शुद्ध प्रोपेन नसतो, प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो. प्रोपेनसाठी बेतलेल्या इंजिनात त्याने हवेच्या मानाने इंधन जास्त होतं, प्लग काळा पडतो आणि यंत्र धाप टाकत चालतं.

दुसरी अडचण तुमच्या उताराची. डबा सरळ असेल तर इंजिनाला वरची वाफ मिळते. उतारावर किंवा गडग्याच्या कडेने यंत्र फार तिरकं झालं की रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो आणि इंजिन गचके खाऊन बंद पडतं. आणि ऑक्टोबरपर्यंत तुमच्या काजूखाली नुसतं गवत राहिलेलं नसतं. रानमोडी असते, घाणेरी असते, बोटाएवढ्या खोडांची. तिथे २५ सीसी आणि पातळ दोरा पुरत नाही. सरळ दांड्याचं यंत्र आणि तीन दातांचं पातं लागतं.

मग हिशेब मांडू. सगळे आकडे वर्षाचे.

आज तुम्ही देता: ५ दिवस × १,८०० = ९,०००.

प्रोपेनचा ट्रिमर: ३१,००० चा, चार वर्षं टिकेल असं धरलं आणि शेवटी किंमत शून्य. कारण रेग्युलेटर गेला की इथे तो कुणी दुरुस्त करणार नाही. घसारा ७,७५०. अडकलेल्या पैशांवरचं व्याज, ७ टक्क्यांनी सरासरी शिल्लक रकमेवर, सुमारे १,१००. यंत्र लहान म्हणून तास जास्त, ३५ तासांना साडेसतरा डबे, १२,२५०. दोरा, प्लग वगैरे १,५००. एकूण साडेबावीस हजारांच्या पुढे, आणि मेहनत तुमचीच. कंत्राटाच्या अडीचपट.

तुम्ही चौकशी केलेला पेट्रोलचा ३५ सीसी फोर-स्ट्रोक, २४,००० रुपयांचा: सहा वर्षांनी ४,००० आले असं धरलं तर घसारा ३,३३०. व्याज ९८०. पंचवीस तासांचं पेट्रोल १,७००. दोरा, पातं, ऑइल, फिल्टर १,५००. सर्व्हिसिंग १,०००. बेरीज ८,५००. म्हणजे पाचही दिवस स्वतः खांद्याला पट्टा लावून फिरलात तर वर्षाला वाचले ५०० रुपये. यंत्र तुमचं आणि चालवायला माणूस रोजाने, असं केलंत आणि त्याला हजार रुपये रोज दिलात, तर खर्च १३,५०० वर जातो. दुकानदार हा आकडा कधी मांडून दाखवत नाही. तो फक्त 'तीन वर्षांत वसूल' म्हणतो.

चित्र बदलतं ते अनुदानाने. तुमच्याकडे कृषी कार्ड असेल, तर डिचोलीच्या विभागीय कृषी कार्यालयात ब्रश कटरला यंदा किती अनुदान आहे ते खरेदीच्या आधी विचारा. कुठलं मॉडेल आणि कुठला विक्रेता चालतो, हेही तिथेच कळेल. भाच्याने पाठवलेल्या यंत्राला यातलं काही मिळणार नाही. समजा ४० टक्के मिळाले, तर तुमचा खर्च १४,४००, आणि वर्षाची बेरीज साडेसहा हजारांवर येते. बचत चोवीसशेच्या आसपास. तेवढ्यासाठी ५८व्या वर्षी जुलैच्या चिखलात सात-आठ किलोचं यंत्र घेऊन उतारावर उभं राहायचं का, हे गुडघ्यांना विचारून ठरवा. आवड असेल तर जरूर घ्या. नुसता हिशेब म्हणून घ्यायचं तर मला त्यात दम दिसत नाही.

घेणार असाल तर पैसे असे उभे करा: ऑक्टोबरपासून मेपर्यंत महिन्याला ३,००० ची आवर्ती ठेव, आठ महिन्यांत २४,००० आणि वर थोडं व्याज. पूर्ण रक्कम म्हणतोय, कारण अनुदान बहुधा आधी बिल भरल्यावर मागाहून खात्यात जमा होतं. मुदत ठेव मोडली की बँक ठरलेला दर देत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून वर अर्धा-एक टक्का कापते. हे विक्रेत्याच्या 'बिनव्याजी हप्त्या'पेक्षा बरं असेलही, पण गरजच नसताना का मोडायची?

भाड्याचा विचार सोडून द्या. सगळ्यांना कटर हवा असतो तो चवथीच्या आधीच्या पंधरा दिवसांत, आणि नेमका तेव्हा तुम्हालाही. परत येताना त्यात कुणी कसलं पेट्रोल घातलंय ते कळत नाही. टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल फोर-स्ट्रोकमध्ये, किंवा त्याहून वाईट, साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये. दुसऱ्या प्रकारात पिस्टन जाम होतो आणि दुरुस्ती निम्म्या किमतीला जाते. पातं चिऱ्यावर आपटून उडालेल्या खड्याने कुणाच्या गाडीची काच फुटली तर ते भांडण वेगळंच. वाटून घ्यायचं तर दोन घरांनी अर्धे-अर्धे पैसे घालून एक यंत्र घ्यावं, आणि पेट्रोलचा कॅन एकच ठेवावा.

माझ्या मते खरी बचत तुमच्या कंत्राटातच आहे. माणूस दिवसावर नका बोलवू, अख्ख्या जागेचा वर्षाचा भाव ठरवा. फेऱ्यांच्या वेळा तुम्ही सांगा: जुलैच्या मध्यात एक, चवथीच्या आठ दिवस आधी दुसरी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिसरी, डिसेंबरात चौथी. तिसरी फेरी चुकवू नका. गवत बी धरून कडक व्हायच्या आत कापलं तर काम निम्म्या वेळात उरकतं. नोव्हेंबरात तेच गवत दोऱ्याला गुंडाळतं आणि एकाचे दोन दिवस होतात. चौथी फेरी काजूच्या हंगामाआधी जमीन साफ दिसावी आणि वाळलेल्या गवताला आग लागू नये म्हणून. एक अट लिहूनच घ्या: काजूच्या आणि माडाच्या रोपांभोवती हातभर गोल कोयत्याने आधी मोकळा करायचा, यंत्र तिथे न्यायचं नाही. नायलॉनचा दोरा खोडाभोवती एकदा फिरला की कोवळी साल सोलली जाते, आणि दोन महिन्यांनी कलम वरून वाळू लागल्यावर कारण लक्षातही येत नाही. एक कलम मेलं तर जाते ती पुढच्या कित्येक वर्षांची काजू.

होमस्टेचं उत्पन्न व्यवसाय म्हणून दाखवत असाल, तर लॉनच्या बाजूच्या कामाची पावती घ्या, तो खर्च वजा होतो. यंत्र घेतलंत तर त्याचा तेवढ्या वापराचा घसारा वर्षाला १५ टक्क्यांनी मिळतो, पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्म्या दराने. अंदाजे उत्पन्नाच्या सोप्या पद्धतीने कर भरत असाल तर यातलं काहीच वेगळं मिळत नाही.

आणि भाच्याला सरळ नाही म्हणणं जड जात असेल, तर येताना २.७ मिलिमीटर दोऱ्याचं एक मोठं रीळ आणायला सांगा. विमानात चालतं, ड्युटीची भानगड नाही, आणि तुमचा माणूस दोरा संपला म्हणून अर्ध्या दिवसात बाजारात जाणार नाही. रीळ वापरायच्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. ओल धरलेला नायलॉन लवचिक राहतो. कोरडा दोरा चिऱ्याच्या गडग्याला लागला की टिचक्या वाजवत तुटतो.