वाचकाला हेलावून टाकणारी दुःखद कथा कशी लिहावी?

तुम्ही विचारले आहे की आजीच्या मृत्यूवर कथा लिहिली, लिहिताना तुम्ही स्वतः रडलात, पण वाचणाऱ्यांना काहीच वाटले नाही. मग वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणणारी कथा लिहायची तरी कशी? माझे उत्तर सरळ आहे: कथेतली रडारड आधी काढून टाका. असे ठामपणे सांगण्याला एक जुने कारण आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, होते. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नसे, त्यामुळे तिथली माणसे एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलणे ओळखत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर वडीलही बाहेर पडले आणि पुन्हा आत गेलेच नाहीत. कानांनी अधू झालेल्या माणसाला दुसरे काम मिळाले नाही. आईने घरात खाणावळ चालवून आम्हाला वाढवले. बारा वर्षांनी तिला घशाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले आणि तिचा आवाज गेला. तिचे ओठ हलत, पण आम्हा भावंडांना काही उमगत नसे, आणि पाटीवर लिहून दाखवावे इतके तिला लिहिता येत नव्हते. वडील मात्र तिच्यासमोर स्टुलावर बसत आणि ती काय म्हणते ते आम्हाला शब्दन् शब्द सांगत. ज्या गिरणीने त्यांचे कान नेले, तिथेच शिकलेली ही विद्या घरात पहिल्यांदा कामी आली.

शेवटच्या संध्याकाळी ती बराच वेळ ओठ हलवत राहिली. आम्ही सगळे वडिलांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते म्हणाले, "गुरुवारी रॉकेल येणारे, कॅन घेऊन लवकर रांगेत जा म्हणतेय." बुधवारी पहाटे ती गेली. गुरुवारी, घरात सुतक असताना, वडील शिधापत्रिका आणि पाच लिटरचा कॅन घेऊन रेशनच्या दुकानासमोर उभे होते.

मी लिहिलेली कथा त्या रांगेपाशी संपत होती. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती स्वीकारली आणि मला न विचारता शेवटी तीन वाक्ये जोडली. वडिलांना हुंदका फुटतो, आसवे कॅनवर टपटपतात आणि ते आभाळाकडे पाहून आईला हाक मारतात. अंक घरी आल्यावर वडिलांनी चष्मा लावून कथा शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "मी रांगेत रडलो, असं कुणी सांगितलं तुला?" शेजारच्या खोलीत पाहुणे होते, म्हणून मी आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणालो, "ते मी लिहिलेलं नाही." त्यांना ते कळले.

संपादकांना मी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले की अनुभावाशिवाय, म्हणजे भावना पात्राच्या वागण्यातून बाहेर दिसल्याशिवाय, करुण रस उभा राहत नाही आणि अश्रू दाखवले नाहीत तर सामान्य वाचकाला काही कळत नाही. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरतमुनींनी अश्रू आठ सात्त्विक भावांत, म्हणजे भावना दाटल्यावर शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, मोजले आहेत हे मला मान्य आहे. पण रस कसा निर्माण होतो ते सांगणाऱ्या त्यांच्या रससूत्रातला पहिला शब्द विभाव, म्हणजे भावनेचे कारण, हा आहे. शोक कशामुळे झाला, ते आधी वाचकासमोर उभे राहावे लागते. माझ्या कथेत ते काम रॉकेलचा कॅन करत होता, आणि पात्रानेच हुंदके देऊन शोक संपवून टाकल्यावर वाचकाच्या वाट्याला काय उरणार? राहता राहिला सामान्य वाचक, तर चौथी शिकलेले माझे वडील तोच होते, आणि खोटे कुठे सुरू झाले ते त्यांनी पहिल्याच वाचनात ओळखले.

याचा अर्थ पात्राने कधी रडूच नये असा नव्हे. भवभूतीच्या 'उत्तररामचरित' या संस्कृत नाटकातला राम तिसऱ्या अंकात उघड रडतो, मूर्च्छितही होतो. पण त्याच अंकात सीतेने कोवळा पाला भरवून वाढवलेला हत्ती आणि टाळ्यांच्या तालावर नाचवलेला मोर आपल्याला दिसतो, म्हणून त्या रडण्याला आधार आहे. आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: घरच्या माणसांवर लिहिणार असाल तर छापण्यापूर्वी त्यांना दाखवा. मी दाखवली नव्हती, आणि तो दोष संपादकांचा नाही.

तुमच्या प्रश्नात आजीच्या आजारपणाचे सविस्तर वर्णन आहे, पण आजी दिवसभर काय करत असे याविषयी एक शब्दही नाही. ती गेल्यावर घरातले कोणते काम तसेच पडून राहिले आणि दुसऱ्या दिवशी ते कोणी न बोलता उचलले, ते लिहा. कोण किती रडले, ते खोडा.