नऊ एकांचा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१

आपल्या मुलीने १११११११११ या संख्येचा वर्ग कागदावर मांडून काढला, कारण कॅल्क्युलेटरवर शेवटचे अंक दिसत नव्हते, आणि आलेले १२३४५६७८९८७६५४३२१ हे उत्तर योगायोग आहे का, त्याचे विभाजक किती, असे आपण विचारले आहे. उत्तर बरोबर आहे आणि तो योगायोग नाही. गुणाकार मांडताना एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात, त्यामुळे उभ्या रकान्यांच्या बेरजा १, २, ३ अशा वाढत मधोमध ९ होतात आणि पुन्हा उतरतात; कोठेही हातचा येत नाही. दहा एकांच्या वर्गात मधली बेरीज १० होऊन हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे निघते.

या संख्यांना गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी डेम्लो संख्या म्हटले. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, माध्यमिक शिक्षण ठाण्यातले, आणि ही कल्पना त्यांना सुचली ती आपल्याच ठाण्याच्या रेल्वेमार्गावरच्या डोंबिवली स्थानकात, ज्याचे नाव तेव्हा डेम्लो असे होते. ठाण्यातल्या प्रत्येक शाळेत हे सांगितले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता विभाजक. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यातली ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, हे मात्र तपासून घ्यावे लागते. तिचे वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे आहे, म्हणजे एरवी शंभराहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. परंतु ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला पूर्ण भाग जातो आणि स्वतः तिला ३ ने किंवा ३७ ने भाग जात नाही, त्यामुळे फर्मा यांच्या प्रमेयानुसार (मूळ संख्या p ने १० ला भाग जात नसेल, तर १० च्या p−१ व्या घातातून १ वजा केल्यावर p ने पूर्ण भाग जातो) तिच्या कोणत्याही मूळ अवयवाला १८ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे. अशा १९, ३७, ७३, १०९ पासून ५७७ पर्यंत केवळ १७ मूळ संख्या आहेत. ३७ ने भागल्यास बाकी १ उरते, ५७७ ने भागल्यास १६१. उरलेले भागाकार मुलीकडून अवश्य करून घ्यावेत, एकही पूर्ण जात नाही.

वर्ग केल्यावर घातांक दुप्पट होऊन ४, २, २ होतात, म्हणून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

आपण न विचारलेली एक गोष्ट मला याहून मोलाची वाटते. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजेच १२३४५६७९ चा वर्ग. आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी हर्षद संख्या हे नाव दिले. १, ११, १११ पासून नऊ एकांपर्यंतच्या संख्यांच्या वर्गांत अंकांची बेरीज नेहमी, मूळ घेतलेल्या संख्येत जितके एक असतील त्या आकड्याचा वर्ग असते. त्यामुळे अशा संख्येला, तिच्यात जितके एक आहेत त्या आकड्याने भाग जात असेल तरच तिचा वर्ग हर्षद ठरतो, आणि या नऊ वर्गांपैकी १, १२३२१ व आपली संख्या हे तीनच तसे आहेत.