एकाच उत्पादकाच्या, शार्डने या पांढऱ्या द्राक्षाच्या शॅम्पेनमध्ये जमिनीचा फरक खरंच जाणवतो का?

जाणवतो, पण बाटल्या शेजारी शेजारी उघडल्या तरच. आठवड्याच्या अंतराने प्यायलात तर आठवणीवर भिस्त ठेवावी लागते आणि ती दगा देते.

माझं आवडतं उदाहरण फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या आव्हीझ गावच्या आग्रापार यांचं. स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची शॅम्पेन करणारं हे छोटं घराणं. त्यांची 'मिनेराल' आणि 'आव्हिझ्वाज' या दोन्ही निव्वळ शार्डनेच्या. शक्यतो एकाच सालच्या घ्या. मिनेरालच्या वेली खडू अगदी वर असलेल्या जमिनीतल्या, आव्हिझ्वाजच्या वेली जुन्या आणि खडूवर चिकणमाती असलेल्या जमिनीतल्या. मिनेराल आधी ओता. लिंबाची साल, ओल्या दगडी पाटीसारखा वास, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांवर रेंगाळणारा खारटपणा. मग आव्हिझ्वाज: आंबटपणा तितकाच ताठ, पण तोंड भरून येतं, भाजलेल्या बदामाची आठवण होते. द्राक्ष तेच, हात तेच!

उंच अरुंद ग्लास मात्र टाळा, त्यात वास कोंडतो. साध्या व्हाइट वाइनच्या ग्लासात 10 ते 12 अंशांवर प्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा चाखा. बुडबुडे ओसरले की जमीन जास्त बोलते.

इतर छोटे उत्पादक शोधायचे असतील तर लेबलवर बारीक अक्षरात 'आरएम' (RM) आहे का ते बघा. म्हणजे द्राक्षं पिकवणारा आणि शॅम्पेन करणारा एकच.